जेसीबीचा चकचकीत दांडा आणि चामड्याचा वायसर

जेसीबी खोदताना बघत उभं राहणं हा आपला राष्ट्रीय छंदच. पण पुढच्या वेळी बकेटकडे नका बघू, तिच्या मागचा चकचकीत दांडा बघा. सिलिंडरमधून बाहेर येतो, आत जातो. सरळ रेषेत ढकलायचं नाहीतर ओढायचं, एवढंच त्याचं काम. इंजिनिअर मंडळी याला लिनियर ॲक्ट्युएटर म्हणतात. डंपरचा हौदा उचलणारा जॅक त्याचाच भाऊबंद.

आता चला १७९५ च्या लंडनमध्ये. जोसेफ ब्रामा, मूळचा सुतार, कुलपांसाठी नावाजलेला. त्या वर्षी त्याने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व जुनंच, पास्कलचं: बंद भांड्यातल्या पाण्यावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. छोट्या दट्ट्यावर १० किलोचा जोर द्या. मोठ्याचं क्षेत्रफळ १०० पट असेल तर तिथे १००० किलोचा जोर मिळतो. फुकट नाही हं! छोटा १०० इंच दाबावा तेव्हा मोठा १ इंच सरकतो.

कागदावर झकास. पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेच्या फटीतून पाणी बाहेर. फट घट्ट आवळावी, तर दट्ट्या अडकून बसणार, खाली येणारच नाही.

हा तिढा सोडवल्याचं श्रेय दिलं जातं ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला. त्याने चामड्याचं वाटीसारखं कडं बसवलं, पोकळ बाजू पाण्याकडे. दाब चढला की पाणी पोकळीत शिरतं, कडा फाकतात आणि दट्ट्याला चिकटतात. दाब उतरला की सैल. म्हणजे गळू पाहणारं पाणीच गळती थांबवतं! मला विचाराल तर प्रेसपेक्षा अक्कल इथे जास्त आहे. आजीच्या रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपातला चामडी वायसर याच जातीचा. जेसीबीत पाण्याऐवजी तेल असतं, चामड्याऐवजी सिंथेटिक सील, पण युक्ती तीच.

नाव मात्र ब्रामाचं. आजही 'ब्रामा प्रेस'च म्हणतात. मॉडस्ले तोवर मुख्य कारागीर झाला होता, संसार वाढलेला, पगार आठवड्याला ३० शिलिंग. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने नकार दिला. मॉडस्लेने नोकरी सोडली आणि लंडनमध्येच छोटं वर्कशॉप थाटलं. स्क्रू कापायच्या अचूक लेथमुळे पुढे त्याचं नाव झालं, आणि जोसेफ व्हिटवर्थसारखी तरुण पोरं काम शिकायला त्याच्याच कारखान्यात आली.