ठिपक्यांची शर्यत : टॅब्लेटचे पडदे, बाजार आणि वाचक

७ मार्च २०१२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅपल कंपनीने तिसऱ्या पिढीचा आयपॅड लोकांपुढे ठेवला. पडद्याचा आकार आधीचाच होता, कर्णाने ९.७ इंच. किंमतही तीच, ४९९ डॉलरपासून पुढे. बदलली होती ती पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या. आधीच्या दोन आयपॅडांवर एका दिशेला १०२४ आणि दुसरीला ७६८ ठिपके असत. नव्या पडद्यावर ते २०४८ आणि १५३६ झाले. दोन्ही दिशांनी दुप्पट, म्हणजे एकूण चौपट. ७ लाख ८६ हजारांवरून संख्या ३१ लाख ४५ हजारांवर गेली. दिवाणखान्यातल्या फुल एचडी टीव्हीवरही सुमारे २० लाख ७४ हजारच ठिपके असतात. त्यानंतरची दोन-तीन वर्षे टॅब्लेटच्या जाहिरातींत हा आकडा ठळक अक्षरांत झळकत राहिला. प्रत्येक नवा स्पर्धक 'आमचे ठिपके जास्त' असे सांगत बाजारात उतरला.

ती शर्यत खरोखर महत्त्वाची होती का? आज मागे वळून पाहता त्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट देता येते. ठिपक्यांच्या दाटीने वाचकाचा फायदा झाला, पण बाजारातली हार-जीत तिने ठरवली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत केली, की वाचकासाठी यंत्र निवडताना चुकीचा आकडा बघितला जातो.

डोळ्याचे गणित

दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला हे गणित सांगावे लागत नाही. ठिपके जितके जवळ, तितकी वळणे नाजूक. पडद्याचेही तसेच आहे. म्हणून एकूण ठिपक्यांपेक्षा एका इंचात किती ठिपके बसतात, हे माप जास्त उपयोगाचे. पहिल्या आयपॅडवर, म्हणजे २०१० साली, इंचाला १३२ ठिपके होते. २०१२ च्या आयपॅडवर २६४.

मात्र डोळ्यालाही मर्यादा असते. नेत्रतज्ज्ञ ज्या नजरेला सामान्य धरतात, त्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनात मावणारे बारकावे वेगळे दिसतात. त्याहून बारीक असेल ते एकमेकांत मिसळते. हिशेब केला, तर डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरलेल्या पडद्यासाठी ही सीमा इंचाला सुमारे २९० ठिपक्यांवर येते. ३८ सेंटिमीटरवर ती २३० च्या आसपास उतरते. जून २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी इंचाला ३२६ ठिपक्यांचा आयफोन ४ दाखवताना याच सीमेचा आधार घेतला आणि त्या पडद्याला 'रेटिना' हे नाव दिले. लगेच वाद झाला. पडद्यांचे परीक्षण करणारे रेमंड सोनेरा यांनी उत्तम नजरेसाठी त्या अंतरावर इंचाला ४७७ ठिपके लागतील, असा हिशेब मांडला. हबल दुर्बिणीवर काम केलेले खगोलशास्त्रज्ञ फिल प्लेट यांनी सामान्य नजरेसाठी जॉब्स यांचे म्हणणे बरोबर ठरवले. दोघांचे गणित चुकले नव्हते. त्यांनी डोळे वेगवेगळे धरले होते.

याचा अर्थ असा, की १३२ वरून २६४ वर जाणे ही नुसती जाहिरातबाजी नव्हती. मांडीवर किंवा टेबलावर टॅब्लेट ठेवून वाचणाऱ्याला जुन्या पडद्यावर अक्षरांच्या कडा दातेरी दिसत, नव्यावर त्या गुळगुळीत झाल्या. पण एकदा ही सीमा गाठली, की पुढचे ठिपके सामान्य नजरेला दिसत नाहीत.

दाटी एक, नशिबे तीन

आता बाजाराकडे वळू. पहिल्या आयपॅडच्या दाटीचे, म्हणजे इंचाला सुमारे १३२ ठिपक्यांचे, आणखी दोन टॅब्लेट २०११ साली आले. त्या तिघांची नशिबे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिला खुद्द आयपॅड. त्याने टॅब्लेट हा बाजारच उभा केला.

दुसरा ह्युलेट-पॅकार्डचा टचपॅड, १ जुलै २०११ रोजी विक्रीला आलेला. पडदा तसाच ९.७ इंचांचा, ठिपके तसेच १०२४ गुणिले ७६८, किंमतही आयपॅडइतकीच. पण त्याच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम फारच थोडे होते. जेमतेम सात आठवड्यांत, १८ ऑगस्टला, कंपनीने तो बंद करत असल्याचे जाहीर केले. शिल्लक माल ९९ डॉलरला काढला, तेव्हा मात्र दुकानांत झुंबड उडाली. तोच पडदा ४९९ डॉलरला नको होता आणि ९९ डॉलरला हवा होता.

तिसरा आपल्याकडचा 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्याच दिवशी कॅलिफोर्नियात स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले. सरकारला सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडणाऱ्या या टॅब्लेटचा पडदा ७ इंचांचा होता आणि त्यावर ८०० गुणिले ४८० ठिपके होते. एकूण ठिपके आयपॅडच्या निम्मे, म्हणून त्याची थट्टा झाली. पण पडदा लहान असल्याने इंचाचा हिशेब सुमारे १३३ येतो, म्हणजे पहिल्या आयपॅडइतकाच. आकाशचे दुखणे ठिपक्यांत नव्हतेच. त्याचा पडदा नुसत्या स्पर्शाने चालत नसे, दाबावा लागे. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ मेगाबाइट. पान उलटायला बोट टेकवावे आणि वाट पाहावी, अशी गत.

पुढे हे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ आला. त्यात काय बदलले ते बोलके आहे. ठिपके तेच, ८०० गुणिले ४८०. पण पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा झाला, प्रोसेसर १ गिगाहर्ट्झवर गेला, मेमरी दुप्पट झाली. किंमत बांधलेली असताना पैसा कुठे घालावा, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते, आणि ते योग्य होते.

दाट हरले, विरळ तरले

आयपॅडपेक्षा दाट पडदे घेऊन आलेल्यांचे काय झाले? फेब्रुवारी २०११ मध्ये मोटोरोलाचा झूम आला. इंचाला सुमारे १५० ठिपके, त्या वेळच्या आयपॅडपेक्षा जास्त. पण किंमत ८०० डॉलर, आणि त्याच्या पडद्यासाठी खास लिहिलेले प्रोग्रॅम मोजकेच. झूम टिकला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये गूगलने सॅमसंगकडून बनवून घेतलेला नेक्सस १० विक्रीला आला. त्यावर २५६० गुणिले १६०० ठिपके, इंचाला ३००. अ‍ॅपलच्या रेटिनालाही त्याने मागे टाकले, तेही १०० डॉलर कमी किमतीत. तरी नेक्सस १० ची दुसरी पिढी निघालीच नाही. ४० लाखांहून अधिक ठिपक्यांवर बरेचदा फोनसाठी लिहिलेला प्रोग्रॅमच ताणून दाखवला जात असे.

याच्या उलट उदाहरण त्याच महिन्यातले. आयपॅड मिनीवर ठिपके पहिल्या आयपॅडइतकेच होते, इंचाला १६३. गूगलचा नेक्सस ७ इंचाला २१६ ठिपके देत होता आणि १९९ डॉलरला मिळत होता. मिनीची किंमत ३२९ डॉलर होती. समीक्षकांनी मिनीच्या पडद्याला नावे ठेवली. ग्राहकांनी मात्र इतके मिनी मागितले, की कंपनीला पुरवठा करता आला नाही. त्या तिमाहीत अ‍ॅपलचे २ कोटी २९ लाख आयपॅड विकले गेले. आदल्या वर्षी याच तिमाहीत ते १ कोटी ५४ लाख होते. १३२ दाटीचा आयपॅड २ तर मार्च २०११ पासून मार्च २०१४ पर्यंत विक्रीत राहिला. त्याच्याच शेजारी, दुप्पट दाटीचा भाऊ मांडलेला असताना.

सर्वांत ठळक उदाहरण अ‍ॅमेझॉनचे, कारण ती कंपनी चक्क मागे वळली. २०१३ साली तिचा ७ इंची किंडल फायर एचडीएक्स इंचाला ३२३ ठिपक्यांचा होता, किंमत २२९ डॉलर. २०१५ साली तिने त्याच आकाराचा नवा फायर आणला तो इंचाला १७१ ठिपक्यांचा, ५० डॉलरला. पाच घेतल्यास सहावा फुकट. एचडीएक्सइतका दाट पडदा अ‍ॅमेझॉनच्या टॅब्लेटवर पुन्हा आला नाही.

ठिपक्यांची किंमत

दाटी फुकट मिळत नाही. प्रत्येक ठिपक्यामागे प्रकाश अडवणारा एक सूक्ष्म भाग असतो. ठिपके वाढले की अडणारा प्रकाश वाढतो आणि मागचा दिवा अधिक प्रखर लावावा लागतो. चौपट ठिपके रंगवायला चित्रे काढणारी चिपही ताकदीची लागते. २०१२ च्या आयपॅडची बॅटरी २५ वॉट-तासांवरून ४२.५ वर गेली, पण एका चार्जवर तो चालायचा तेवढेच दहा तास. वजन ६०१ ग्रॅमवरून ६५२ ग्रॅमवर आले, जाडीही वाढली. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने खेळ चालू ठेवून मोजले, तेव्हा त्याची पाठ सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापली. सातच महिन्यांत, २३ ऑक्टोबरला, अ‍ॅपलने अधिक ताकदीची चिप घातलेला चौथा आयपॅड आणून त्याची जागा भरली.

देवनागरीची कसोटी

मग दाटीला काही अर्थच नाही का? आहे, आणि मराठी वाचकाला तो रोमन लिपी वाचणाऱ्यापेक्षा अधिक आहे.

१२ पॉइंटचा टंक घेतला, तर १३२ दाटीच्या पडद्यावर त्याच्या उंचीला २२ ठिपके मिळतात. तेवढ्यात वरची मात्रा, रफार, अनुस्वार, शिरोरेषा, अक्षराचा देह आणि खालचा उकार, सगळे बसवायचे. अनुस्वाराच्या वाट्याला एक-दोन ठिपके येतात. 'हस' आणि 'हंस' यांतला, 'सुत' आणि 'सूत' यांतला फरक त्या एक-दोन ठिपक्यांवर टांगलेला. २६४ दाटीवर उंची ४४ ठिपक्यांची होते आणि 'द्ध', 'द्व', 'ह्म' यांची गुंतवळ सुटते. जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या पानांना तर हे दुप्पट लागू आहे. तिथे अक्षर मोठे करायचे तर सगळे पान मोठे होते आणि प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. दाट पडद्यावर पूर्ण पान एका नजरेत वाचता येते. ठिपक्यांचा खरा उपयोग कुठे, असे विचारले तर उत्तर हे.

पण त्याआधीची एक पायरी आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची नीट सोय नव्हती. कुठे अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत, कुठे जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे ओळीने उभी राहत, कुठे पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे. असा मजकूर दाट पडद्यावर दाखवला, तर चूक अधिक रेखीव दिसते, एवढेच. २०११ च्या ऑक्टोबरात आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ही अडचण टप्प्याटप्प्याने सुटत गेली, आणि ती ठिपके वाढवून सुटली नाही. अक्षरे जोडण्याचे नियम यंत्राला शिकवून आणि चांगले टंक देऊन सुटली.

या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देवनागरी खिळ्यांच्या सुबकतेवर मेहनत घेतली. पडद्याच्या युगात र. कृ. जोशी या कवी आणि सुलेखनकाराने आखलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० सोबत जगभर गेला. त्या काळचे पडदे टॅब्लेटपेक्षाही विरळ होते. तरी त्यांवर मराठी वाचता आली, कारण अक्षर आखणाऱ्याने हाती असलेल्या थोड्या ठिपक्यांचा विचार केला होता.

शर्यतीनंतर

शर्यत कुणी जिंकल्यामुळे संपली नाही. डोळ्याची सीमा गाठल्यावर पळण्यात अर्थ उरला नाही, म्हणून ती थांबली. २०१५ साली आलेला १२.९ इंची आयपॅड प्रो इंचाला २६४ ठिपक्यांचाच होता, आणि त्यानंतरचे मोठे आयपॅडही त्याच आकड्यावर राहिले. स्पर्धा पेनाकडे, कीबोर्डकडे, रंगांकडे, पडदा सेकंदाला किती वेळा नवा रंगवला जातो याकडे सरकली.

आपल्यापुरता प्रश्न मात्र उरतो. शाळा, ग्रंथालये आणि सरकारी खाती आजही टॅब्लेट विकत घेतात. त्यांच्या मागणीपत्रकात इंच, ठिपके, मेमरी यांचे रकाने असतात. त्यात आणखी एक रकाना हवा : सातवीच्या मराठी पुस्तकातले एक पान या पडद्यावर, दुपारच्या उजेडात, हातभर अंतरावरून, एकही जोडाक्षर न फुटता वाचता येते का? ही परीक्षा घ्यायला तज्ज्ञ लागत नाही. सातवीतला कोणताही विद्यार्थी पाच मिनिटांत ती घेऊ शकतो.