फ्लॉरेन्सचे दोन दिवस आणि संगमावरचा कोल्हापूरचा राजा

१/
फ्लॉरेन्ससाठी दोनच दिवस हाती असतील, तर ते कसे वाटून घ्यावेत?

नांदेड-लातूरकडची मुले आता शिक्षणासाठी युरोपात जाऊ लागली आहेत. त्यांच्यामागोमाग आई-वडिलांचीही एक फेरी होते आणि त्या फेरीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला जेमतेम दोन दिवस येतात. हा थ्रेड त्या दोन दिवसांच्या आखणीविषयी आहे. बहुतेक पर्यटन-याद्यांत नसलेले एक ठिकाण त्यात आहे, आणि ते आपल्या इतिहासातले आहे.

२/
पहिला दिवस जुन्या शहराला द्यावा. रेल्वे स्थानकापासून दुओमो, म्हणजे मुख्य कॅथेड्रल, पायी गाठता येते. त्याचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात, खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता बांधला. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांनी येथे थोडे अधिक थांबावे. गोलघुमट याच्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने उभा राहिला, पण व्यासाच्या बाबतीत दोघे जवळपास बरोबरीचे आहेत.

३/
दुपारी उफित्सी संग्रहालय. ‘उफित्सी’ या शब्दाचा अर्थ कचेऱ्या. मेदिची घराण्याच्या कारभारासाठी वासारीने १५६० पासून ही इमारत बांधायला घेतली. चित्रे तेथे नंतर आली. संध्याकाळी १३४५ चा पोंते वेक्यो हा पूल पाहावा. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरचे शहरातील बाकीचे पूल उडवले, हा तेवढा राहिला.

४/
दुसऱ्या दिवशी सकाळी अकादेमियामध्ये मायकेलँजेलोचा ‘डेव्हिड’. त्यानंतर सान्ता क्रोचे हे चर्च, जेथे मायकेलँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाध्या आहेत.

एक व्यावहारिक सूचना: उफित्सी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. आपल्या दोन दिवसांत सोमवार येत असेल, तर पुढे सांगितलेले ठिकाण त्या दिवशी ठेवावे. ते उघड्यावर आहे आणि तेथे तिकीट लागत नाही.

५/
ते ठिकाण आहे काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला. ‘काशिने’ हे नाव मराठी कानाला काशीची आठवण देते, परंतु दोहोंचा संबंध नाही. इटालियन शब्दाचा अर्थ दुभत्या जनावरांचे गोठे. मेदिचींच्या काळात येथे त्यांची शेतीवाडी होती, पुढे तिचे सार्वजनिक उद्यान झाले.

ट्रामने ‘काशिने’ थांब्यावर उतरावे आणि नदीच्या कडेने पश्चिमेकडे सुमारे ३ किलोमीटर चालावे किंवा सायकल घ्यावी. जेथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते, तेथे झाडांत एक छत्री दिसते.

६/
छत्री म्हणजे आपल्याकडे राजांच्या समाधीवर असते तीच: खांब, कमानी, वर घुमट. खाली एका तरुणाचा अर्धपुतळा, मराठी दरबारी वेषातला. चौथऱ्यावर चार भाषांतील लेख आहेत.

हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षे.

७/
नावाचा गोंधळ प्रथम दूर करू. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम वेगळे. त्यांचा मृत्यू १७०० मध्ये सिंहगडावर झाला. शाहू महाराजांचे पुत्र राजारामही वेगळे. ते विसाव्या शतकातले. आपण बोलतो आहोत ते या दोघांच्या मधले, १८६६ ते १८७० या काळात कोल्हापूरच्या गादीवर असलेले राजाराम.

जन्म १८५० चा, पाटणकर घराण्यात. छत्रपती शिवाजी ऊर्फ बाबासाहेब महाराजांनी त्यांना दत्तक घेतले होते.

८/
‘दत्तक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य खालसा केले होते, त्यानंतर काही वर्षांत नागपूरचेही. १८५७ च्या उठावानंतर ते धोरण बदलले आणि संस्थानिकांना दत्तक घेण्याचा हक्क मान्य करण्यात आला. राजाराम गादीवर आले ते या बदलामुळे.

मात्र जो हक्क मिळाला, त्याच्याबरोबर देखरेखही आली. राजाने काय शिकावे, कोणाकडून शिकावे, कोठे जावे, यात पोलिटिकल एजंटचा शब्द चालू लागला.

९/
१८७० ची युरोपयात्रा या चौकटीतच समजून घ्यावी लागते. इंग्रजी शिक्षण घेतलेला, जग पाहिलेला ‘आदर्श संस्थानिक’ घडवणे हे त्या काळचे धोरण होते. राजकोटचे राजकुमार कॉलेज त्याच सुमारास सुरू झाले. कोल्हापूरच्या तरुण राजासाठी थेट इंग्लंडचा प्रवास ठरला. सोबत होते कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी आणि महाराजांचा आपला परिवार.

समुद्र ओलांडणे धर्मबाह्य मानले जाण्याचा तो काळ. इंग्लंडला गेलेल्या पहिल्या काही सत्ताधारी हिंदू राजांत त्यांची गणना होते.

१०/
मे महिन्यात त्यांनी हिंदुस्थानचा किनारा सोडला आणि उन्हाळा इंग्लंडमध्ये काढला. महाराणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पार्लमेंट पाहून झाले. या दिवसांत महाराज इंग्रजीतून रोजनिशी लिहीत होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये, ती लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. संपादक होते वेस्ट.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे साधन एकाच वेळी मोलाचे आणि अवघड वाटते. वीस वर्षांच्या मराठी राजाने युरोप कसा पाहिला, याची नोंद आपल्याकडे आहे. पण ती आपल्यापर्यंत पोहोचली आहे ती त्याच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून. रोजनिशीचे प्रत्येक पान वाचताना हा दुसरा हात लक्षात ठेवावा लागतो.

११/
आता परतीच्या मार्गाकडे पाहू, कारण फ्लॉरेन्सचा प्रश्न तेथेच सुटतो. इंग्लंडहून परतणारा प्रवासी एरवी फ्रान्समधून दक्षिणेकडे उतरत असे. परंतु १९ जुलै १८७० रोजी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला.

म्हणून नोव्हेंबरमध्ये परत निघालेल्या महाराजांचा मार्ग बेल्जियम, जर्मनी आणि ऑस्ट्रियातील तिरोल असा वळला. तेथून आल्प्स ओलांडून इटली. ब्रेनर खिंडीतली रेल्वे तीनच वर्षांपूर्वी, १८६७ मध्ये सुरू झाली होती.

१२/
नोव्हेंबर अखेर, आल्प्सची थंडी, लांबचा प्रवास. वाटेतच महाराजांची प्रकृती ढासळली. फ्लॉरेन्सला पोहोचले तेव्हा ते चांगलेच आजारी होते. घुमट, चित्रे, पूल हे सारे ज्यांच्यासाठी पाहायचे राहून गेले, असे ते या शहराचे पाहुणे.

त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. गंमत अशी की तिचे राजधानीपण जाण्याचे कारणही तेच युद्ध. रोमचे रक्षण करणारे फ्रेंच सैन्य मायदेशी परतले, सप्टेंबर १८७० मध्ये इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि पुढच्या वर्षी राजधानी तिकडे हलली. एका युद्धाने शहराची राजधानी नेली आणि एका परक्या राजाला त्या शहरात आणले.

१३/
मृत्यूनंतरचा प्रश्न कठीण होता. सोबतच्या मंडळींना हिंदू पद्धतीने दहन करायचे होते. इटलीत तेव्हा मृतांना पुरण्याचाच रिवाज होता. मिलानमध्ये दहनाची आधुनिक सोय झाली ती १८७६ मध्ये. इंग्लंडमधले वोकिंगचे दहनगृह त्यानंतरचे, १८८५ चे.

तरीही फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने परवानगी दिली. जागा ठरली शहराबाहेरची, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमाची. रात्रीच्या अंधारात तेथे चिता रचली गेली.

१४/
संगमच का, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. कोल्हापूरकरांना नरसोबाच्या वाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम ठाऊक आहे. आपल्याकडे लातूर भागातून वाहत येणारी मांजरा कंदकुर्तीला गोदावरीत मिळते आणि तो काठ आपण तीर्थ मानतो.

परमुलखात, भाषा न कळणाऱ्या शहरात, त्या मूठभर माणसांनी आपल्या राजासाठी दोन नद्या जेथे मिळतात ती जागा मिळवली. राजाच्या प्रवासाची आखणी इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाली होती. हा शेवटचा विधी मात्र कोल्हापूरच्या रीतीने झाला.

१५/
त्याच जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. अर्धपुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे नाव लक्षात ठेवावे. कोल्हापूरला गेलेल्या प्रत्येकाने मँट यांचे काम पाहिलेले असते, कारण तेथील न्यू पॅलेसचा आराखडाही त्यांचाच. म्हणजे काशिने उद्यानातली छत्री आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा एकाच वास्तुकाराच्या कल्पनेतून आले आहेत. राजवाडा पाहायला गर्दी असते, छत्रीकडे तुलनेने फार थोडे मराठी लोक पोहोचतात.

१६/
या एका मृत्यूचे पडसाद महाराष्ट्राच्या इतिहासात दूरवर गेले. १८७१ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दुसरा दत्तक आला. इंग्रजांच्या देखरेखीखाली त्या बालराजाचे आयुष्य करपले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला त्याचा मृत्यू झाला. मग १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज.

१९०२ मध्ये शाहू महाराजही युरोपात गेले, राज्यारोहण समारंभासाठी. मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकरीत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला तो त्याच वर्षी २६ जुलैला, महाराज परदेशात असताना.

१७/
आपण मराठवाड्याचे लोक, तेव्हा आपल्याकडचा एक धागाही सांगतो. १८७० मध्ये नांदेड निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे दिवाण सर सालारजंग १८७६ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि रोममध्ये त्यांनी बेन्झोनीचे संगमरवरी शिल्प विकत घेतले: बुरख्यातली रिबेका. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. दगडात कोरलेल्या त्या झिरझिरीत पडद्यापुढे शाळेच्या सहली आजही थबकतात.

सहा वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन प्रवास. सालारजंगांनी इटलीतून पुतळा घरी आणला आणि तो आपण पाहतो. राजाराम महाराजांचा पुतळा इटलीत राहिला आणि आपण त्याला विसरलो.

१८/
विस्मरण तिकडेही आहे, वेगळ्या तऱ्हेचे. स्मारकाशेजारून आर्नोवर एक मोठा केबलचा पूल जातो. १९७८ मध्ये तो पूर्ण झाला. त्याचे नाव ‘पोंते अल्लिंदियानो’, म्हणजे ‘त्या भारतीयाचा पूल’. स्मारकालाही लोक ‘इंदियानो’ म्हणूनच ओळखतात.

शहराने त्या तरुणाला जागा दिली, छत्री जपली, पुलाला त्याच्यावरून नाव दिले. आणि दीडशे वर्षांत बोलण्यातून नेमके त्याचे नाव गळून पडले. उरला तो ‘भारतीय’. नाव चौथऱ्यावर कोरलेले आहे, पण ते वाचायला कोणी थांबावे लागते.

१९/
इतिहासात माणसे अशीच हरवतात. त्यांचा अपमान होतो असे नाही. त्यांचे विशेषनाम जाते आणि जातिवाचक नाम राहते. एका ठिकाणी ‘तो भारतीय’, दुसऱ्या ठिकाणी वंशावळीतला ‘दत्तक, अल्पायुषी’. रोजनिशी लिहिणारा, घरापासून हजारो मैलांवर थंडीत आजारी पडलेला वीस वर्षांचा मुलगा या दोन्ही नोंदींत सापडत नाही. तो शोधायचा तर ती रोजनिशी वाचावी लागते आणि त्या संगमावर जावे लागते.

२०/
म्हणून दोन दिवसांच्या आखणीत दुसऱ्या दिवसाची दुपार काशिनेसाठी मोकळी ठेवावी. मंगळवारी सकाळी त्या उद्यानात मोठा बाजार भरतो, तोही पाहता येईल. हिवाळ्यात जाणार असाल, तर लवकर निघावे, अंधार पाच वाजायच्या आतच पडू लागतो. पाण्याची बाटली आणि चालण्याचे बूट असावेत.

सोबत मुले असतील, तर त्यांना छत्रीखालच्या त्या राजाचे नाव सांगावे. जवळून जाणाऱ्या एखाद्या फ्लॉरेन्सकराने ‘इंदियानो?’ असे विचारले, तर त्यालाही सांगावे: राजाराम, कोल्हापूर.

(थ्रेड समाप्त. युरोपात नातेवाईक असलेल्या मित्रमंडळींपर्यंत जरूर पोहोचवा. कोणी तेथे जाऊन आले असल्यास खाली अवश्य लिहावे.)