रात्रभराचा गोंधळ, तीन मिनिटांचं गाणं

वसमत तालुक्यात, हट्ट्याच्या आसपास, हळदीचं पीक मोठं. त्याच हळदीचा भंडारा गोंधळाच्या रात्री कपाळाला लागतो. लग्न पार पडलं की गोंधळ घालून देवीचं देणं फेडायचं, हा कुळाचार. पाच ताटांच्या मखराखाली, उसाची असोत की ज्वारीची, धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात. बुधलीतलं तेल दिवटीवर पडत राहतं. मग तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, एकेका देवाला नाव घेऊन बोलावणं जातं. एकही दैवत विसरायचं नाही. आख्यान त्याच्या पुढे, आणि आरती उजाडताना.

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त 'गोंडली' नृत्य येतं. काही अभ्यासक गोंधळाचं मूळ त्यात पाहतात. गोंधळी मात्र परशुरामाचं नाव घेतात. त्यानं बेटासुराला मारलं, त्याच्या शिरांची तार लावून तुणतुणं केलं आणि माहूरला आईपुढे, रेणुकेपुढे, वाजवलं. मला ही कथाच जवळची वाटते, कारण तिच्यात वाद्य जन्मतं तेच आईला वंदन करायला.

पुढे लोकगीतं तबकडीवर आली. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात देवांची यादी कशी मावणार? ठेका आणि धृपद तेवढं उरलं. परभणीचे राजारामबापू कदम यांच्यासारख्या गोंधळ्यांनी आख्यान जपलं, रंगमंचावर नेलं. पण बाजाराला आख्यानापेक्षा संबळाचा ठेका हवा होता. कॅसेटनं तो घरोघरी नेला, चित्रपटानं त्याला मोठा वाद्यमेळ दिला. 2009 साली आलेल्या 'जोगवा'च्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती गाणी आता वरातीत डीजेवर वाजतात, आणि पोरं मनापासून नाचतात. त्यात वाईट काही नाही. अंगात येतो तो ठेका आपलाच आहे.

'सुपारी' हा शब्दही याच वाटेनं गेला. शुभकार्याचं आमंत्रण म्हणून द्यायची ती सुपारी. आज कलावंताचा कार्यक्रम ठरला की 'सुपारी मिळाली' म्हणतात. यजमान आधी विचारतो, किती तासांचा?

तास कमी झाले की कात्री पहिल्यांदा आवाहनाला लागते. माहूर-तुळजापूरची नावं गाण्यांतून टिकतील. पण गोंधळी मोठ्या देवतांनंतर यजमानाच्या गावची ग्रामदेवता, शिवारातला म्हसोबा, घरातले मूळपुरुष यांनाही हाक मारतो. हट्ट्याच्या एखाद्या घरातल्या त्या नावांसाठी कुणी गाणं ध्वनिमुद्रित करणार नाही. ती त्या अंगणात, त्या रात्रीच घेतली जातात.