वेगळी चूल, वेगळा अग्नी

दिवाळीच्या दिवसांत अग्नीची गोष्ट सांगावी यात नवल नाही. पण ही गोष्ट पणतीची किंवा फटाक्याची नाही. एका पवित्र अग्नीला डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून माणसे डोंगर चढली आणि नद्या ओलांडून गेली. पुढे त्याच माणसांचे वंशज त्या अग्नीच्या उत्पन्नावरून एकमेकांशी भांडले. त्या भांडणाची ही गोष्ट आहे. तिचा पहिला अंक आमच्या डहाणू-तलासरीच्या परिसरात घडला. तिचा अर्थ नीट कळावा म्हणून मात्र आधी फार दूरच्या आणि फार जुन्या एका घराण्याकडे वळले पाहिजे.

यहुद्यांच्या धर्मग्रंथात याकोबाच्या बारा पुत्रांपासून बारा वंश झाल्याचे सांगितले आहे. दावीद राजाने हे वंश एका छत्राखाली आणले आणि त्याचा पुत्र शलमोन याने यरुशलेमला मंदिर बांधले. मंदिर भव्य झाले. परंतु त्यासाठी आणि राजवाड्यांसाठी प्रजेला वेठीला धरावे लागले. शलमोन वारला आणि त्याचा मुलगा रहबाम गादीवर येऊ लागला, तेव्हा उत्तरेकडच्या वंशांनी शखेम येथे एवढेच मागणे मांडले की आमचे ओझे थोडे हलके करा. जुन्या जाणत्यांनी गोड बोलण्याचा सल्ला दिला, तर बरोबरीच्या पोरांनी दरडावण्याचा. रहबामाला पोरांचा सल्ला रुचला. परिणामी इ. स. पूर्व ९३० च्या सुमारास दहा वंश फुटून निघाले आणि यराबाम त्यांचा राजा झाला.

येथपर्यंत हे भांडण वेठीचे आणि कराचे होते. देवाचा त्यात काही संबंध नव्हता. पण यराबाम चतुर होता. प्रजा दरवर्षी यात्रेसाठी यरुशलेमला जात राहिली तर तिचे मन पुन्हा तिकडेच ओढ घेईल, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने तीन गोष्टी केल्या. राज्याच्या दक्षिण टोकाला बेथेल आणि उत्तर टोकाला दान येथे स्वतंत्र पूजास्थाने उभारून तेथे सोन्याची वासरे ठेवली. लेवी वंशाचा परंपरागत हक्क बाजूला सारून इतरांना पुरोहित नेमले. आणि सुगीचा जो सण यरुशलेमात सातव्या महिन्याच्या १५ तारखेला होई, तो त्याने आठव्या महिन्याच्या १५ तारखेला नेला. देऊळ वेगळे झाले, भट वेगळा झाला आणि पंचांगही वेगळे झाले. आपल्याकडे भाऊ विभक्त झाले की वेगळी चूल मांडतात. यराबामाने देवाचीच वेगळी चूल मांडली.

पुढचे थोडक्यात सांगतो. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास असुरांनी उत्तरेचे शोमरोन जिंकले आणि तेथली बरीच माणसे देशोधडीला लावली. तेच ते 'हरवलेले दहा वंश'. दक्षिणेचे यरुशलेम ५८६ मध्ये बाबिलोनकडून पडले. पुढे इराणच्या कुरुश राजाने बाबिलोन घेतले आणि ५३८ मध्ये यहुद्यांना घरी परतून मंदिर बांधण्यास मोकळीक दिली. तेव्हा शोमरोनकडचे लोक मदतीला आले, पण परतलेल्यांनी त्यांचा हात झिडकारला. त्या शोमरोनी लोकांनी गरिज्जीम डोंगरावर आपले मंदिर बांधले, आणि इ. स. पूर्व ११० च्या सुमारास यरुशलेमच्या सत्ताधाऱ्याने ते पाडले. शोमरोनी आजही आहेत, त्याच डोंगरावर वल्हांडण सण करतात. पण त्यांची सारी संख्या एक हजाराच्या आत आहे.

आता त्या कुरुशाच्या देशातून आलेल्या लोकांकडे वळू.

घोलवड-बोर्डीच्या किनाऱ्याकडे पाठ करून पूर्वेला पाहिले की बारडाचा डोंगर दिसतो. त्याच्या माथ्याजवळ, सुमारे १,५०० फूट उंचीवर, बहरोटची लेणी आहेत. लेणी म्हटले की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवते. येथे तसले काही नाही. खडकात खोदलेल्या साध्या खोल्या आहेत. पण पारशी समाजाला हे स्थान तीर्थासारखे आहे, कारण त्यांचा इराणशाह अग्नी येथे १२ वर्षे लपवून ठेवला होता.

पारशांच्या आगमनाची कथा 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात आहे. अरबांनी इराण जिंकल्यावर जरथुष्ट्राचे काही अनुयायी खुरासानातून डोंगरात, तेथून होर्मुझला, मग दीवला आणि अखेर संजाणला आले. जादी राणा नावाच्या राजाने त्यांना पाच अटींवर आश्रय दिला: धर्म समजावून सांगावा, येथली भाषा बोलावी, स्त्रियांनी येथला वेष घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावीत आणि लग्ने सायंकाळी लावावीत. दुधात साखर विरघळवल्याची गोष्ट शाळेत आपण सारेच ऐकतो. ती गोड आहे, पण या काव्यात नाही, मागाहून लोकांच्या तोंडी आलेली आहे. आगमनाच्या सालाबद्दल विद्वानांचे एकमत नाही. कोणी ७१६ म्हणतात, कोणी ७८५, कोणी ९३६.

मात्र त्या काळी हा किनारा किती गजबजलेला होता याचा दाखला डहाणू तालुक्यातच मिळाला. १९५५ मध्ये चिंचणी येथे ताम्रपट सापडले. त्यांतल्या ९२६ सालच्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण मंडलाचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब, असल्याचे नमूद आहे. मधुमती असे त्याचे संस्कृत नाव दिले आहे. मुहम्मद या नावाचेच ते रूप. या मुसलमान अधिकाऱ्याच्या संमतीने देवीच्या मठाला दान दिल्याची नोंद त्यात आहे! २००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खनन झाले, त्यातही पश्चिम आशियातली भांडी मोठ्या प्रमाणावर निघाली. परक्याला जागा देणे ही या किनाऱ्याची जुनी सवय आहे.

संजाणला पारशांनी इराणशाह प्रतिष्ठित केला. हा साधा अग्नी नव्हे. आतश बेहराम या सर्वोच्च दर्जाच्या अग्नीसाठी सोळा प्रकारचे अग्नी गोळा करून शुद्ध करतात. त्यात कुंभाराच्या आव्याचा, सोनाराच्या भट्टीचा आणि भटारखान्याचा अग्नी असतो, प्रेत जाळल्याचा असतो, वीज पडून लागलेलाही असतो. सगळ्या धंद्यांचा आणि थरांचा अग्नी एक करून एक ज्योत करायची, अशी त्यामागची कल्पना. ज्या समाजाने सोळा अग्नी एक केले, त्याच समाजाला एक अग्नी वाटून घेता आला नाही, हा या कथेतला चटका आहे.

संजाणवर मुसलमानी फौज चालून आली. हे कोणी १३९३ चे मानतात, कोणी १४६५ चे. पारशी हिंदू राजाच्या बाजूने लढले, हरले आणि अग्नी घेऊन बहरोटच्या डोंगरात शिरले. बारा वर्षांनी तो वांसद्याला गेला, तेथे चौदा वर्षे राहिला आणि मग चांगा आसा या धनिकाच्या पुढाकाराने नवसारीला आला. त्याच्याबरोबर संजाणचे तीन पुरोहितही आले.

आणि येथून तंट्याचे बी पडले. गुजरातेतल्या पारशी पुरोहितांनी फार पूर्वीच पाच पंथक, म्हणजे आपापली हद्द, ठरवून घेतली होती: संजाणा, भगरिया, गोदावरा, भरूचा आणि खंबाता. संजाणांची हद्द पार नदीपासून दक्षिणेस दांतुऱ्यापर्यंत. आमचे डहाणू त्यांच्याकडे. नवसारी मात्र भगरियांची. म्हणजे अग्नी संजाणांचा आणि गाव भगरियांचे! तोड अशी निघाली की इराणशाहची सेवा आणि त्याचे उत्पन्न संजाणांनी घ्यावे. लग्न, नवजोत, मर्तिक ही बाकी सारी कार्ये भगरियांनी करावीत.

ग्रामजोशांचे वतन किंवा देवळातल्या पूजेच्या पाळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. पंढरपुरातल्या बडवे-उत्पातांच्या परंपरागत हक्कांचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली मिटला. उत्पन्नाचे हक्क किती चिवट असतात हे आपण जाणतो. नवसारीत तीन पुरोहितांची नऊ कुटुंबे झाली. नुसत्या अग्नीच्या दक्षिणेवर त्यांचे भागेना, तेव्हा ती इतर कार्येही करू लागली. भगरियांनी हरकत घेतली. पिढ्यान्पिढ्या कुरबुर चालली आणि अखेर तंटा गायकवाडांपर्यंत पोहोचला. संजाणांनी आपला अग्नी उचलला. तो वलसाडला नेला आणि तेथून १७४२ मध्ये उदवाड्याला. आजही तो तेथेच आहे, आणि दिवसाच्या पाचही प्रहरांना त्याला चंदनाचे इंधन वाहिले जाते. घोलवडहून गाडीत बसले तर उंबरगाव, संजाण, भिलाड, वापी अशी स्टेशने घेत थोड्याच वेळात उदवाडा येते. अग्नीला मात्र संजाणहून उदवाड्याला यायला बहरोट, वांसदा आणि नवसारी असा शतकांचा वळसा पडला.

नवसारी ओस पडली. मग भगरियांनी १७६५ मध्ये स्वतःचा आतश बेहराम प्रतिष्ठित केला. यरुशलेमला तोड म्हणून बेथेल झाले, तसेच हे. फरक इतकाच की येथे कोणी वासरू केले नाही. अग्नी तोच, मंत्र तेच, फक्त चूल वेगळी.

देवळानंतर पंचांगाची पाळी आली. १७२० च्या सुमारास इराणातल्या किरमानहून जामास्प नावाचे दस्तूर सुरतेला आले. त्यांच्या ध्यानात आले की हिंदुस्थानातले पारशी इराणच्या मागे नेमका एक महिना आहेत. कारण समजायला आपला अधिक मास पुरेसा आहे. पारशी वर्ष ३६५ दिवसांचे. उरलेला पाव दिवस साचत जातो. तो भरून काढायला कधी काळी इकडच्यांनी एक महिना वाढवला, इराणात तो वाढवला नव्हता. १७४५ मध्ये सुरतेच्या काहींनी इराणी गणना उचलली; ते कदमी झाले आणि बाकीचे शहेनशाही. तीस दिवसांचा फरक. यराबामाने केला होता तेवढाच!

तीस दिवस म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, असे वाटेल. पण प्रार्थनेत रोज आणि महिना यांचे नाव घ्यावे लागते; नाव चुकले तर पितरांना पोहोचले की नाही, ही खरी धास्ती होती. भरूचला या वादात दंगे झाले. होमाजी नावाच्या एका शहेनशाही विणकरावर गरोदर कदमी स्त्रीला लाथ मारून गर्भपात घडवल्याचा आरोप आला आणि १७८३ मध्ये मुंबईत त्याला फाशी झाली. तो निर्दोष होता अशी समाजाची श्रद्धा आहे, आणि 'होमाजीनी बाज' या नावाने त्याचा दिवस अजून पाळतात. त्याच १७८३ साली मुंबईत कदमींचा दादीशेठ आतश बेहराम उभा राहिला. सुरतेत १८२३ मध्ये एकाच वर्षी दोन झाले, एक शहेनशाहींचा आणि एक कदमींचा.

मागाहून, एकोणिसाव्या शतकात, यझ्द-किरमानकडून इराणी आले आणि डहाणू, घोलवड, बोर्डीकडे त्यांनी चिकूच्या वाड्या केल्या. येथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या मेहनतीचेही फळ आहे. त्यांच्या मायदेशी चालणारी गणना कदमींचीच. त्यामुळे आमच्या तालुक्यात एकाच धर्माच्या शेजाऱ्यांचे नवे वर्ष महिन्याच्या अंतराने येऊ लागले. त्यावरून येथे कोणी डोके फोडले नाही. चिकूला दोन्हीकडून सारखेच पाणी लागते.

इतिहास वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'किस्सा-ए-संजाण' १५९९ मध्ये नवसारीत लिहिला गेला आणि लिहिणारे बहमन कैकोबाद हे स्वतः संजाणा पुरोहित. अग्नी कोणी आणला, कोणी जपला, याची त्यांची कथा संजाणांच्या घरची कथा आहे. यराबामाच्या पापाची गोष्टही यरुशलेमच्या बाजूने लिहिली गेली आहे. दहा वंशांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेच नाही. फुटीच्या इतिहासात ज्याची वही टिकते त्याचीच साक्ष राहते.

फुटीची सावली किती लांब पडते, याचे उदाहरणही आपल्याच कोकणात आहे. अलिबागकडचे बेने इस्राएल, आपले 'शनवार तेली', स्वतःला त्या इस्राएलच्या वंशांचेच मानतात. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी हे त्यांचे पूर्वज, अशी त्यांची परंपरा. ते इस्राएलला परतले, तेव्हा १९६२ मध्ये तेथल्या धर्मपीठाने त्यांच्याशी लग्न करण्यापूर्वी कुळाची चौकशी करण्याचा दंडक घातला. मराठी बोलणाऱ्या या यहुद्यांना आपले यहुदीपण सिद्ध करण्यासाठी झगडावे लागले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तो अपमान दूर झाला.

हिंदुस्थानात आज आठ आतश बेहराम आहेत: उदवाडा आणि नवसारी येथे एकेक, सुरतेत दोन, मुंबईत चार. त्यांतले तीन कदमींचे. हिशेब केला तर भांडणाने अग्नी विझला नाही, उलट वाढला. शहेनशाही-कदमींत आता सर्रास सोयरीक होते. तीस दिवसांसाठी कोणी फासावर जात नाही. पण २०११ च्या जनगणनेत देशातले पारशी ५७,२६४ भरले. चुली आठ झाल्या आणि भोवती बसणारी माणसे कमी होत गेली.

इस्राएलच्या वंशांनी एकच देव वाटून घेताना राज्य गमावले. पारशांचे राज्य आधीच गेले होते; म्हणून की काय, त्यांनी अग्नी तरी गमावला नाही. दोन्हीकडे फूट सुरू झाली ती ओझ्यावरून आणि उत्पन्नावरून. धर्म तीत मागाहून ओढला गेला. पण एकदा देऊळ आणि पंचांग वेगळे झाले की मूळ कारण विसरले जाते आणि नातवंडांना वाटते, हा भेद देवानेच केला.

या दिवाळीत पुष्कळ घरांत विभक्त भाऊ एका पंगतीला बसतील. चुली वेगळ्या झाल्या म्हणून काही बिघडत नाही. एका चुलीवरचा विस्तव दुसरीवर न्यायला आपल्याकडे कधीच कोणी नाही म्हटले नाही. तेवढी शेजारधर्माची वाट मोकळी राहिली पाहिजे.