दुधाचा बार आणि काउंटरमागचा माणूस



'मिल्क बार' हे नाव पहिल्यांदा ऐकलं की आपल्या माणसाला हमखास हसू येतं. बारमध्ये दूध कशाला? दूध म्हटलं की आपल्याला आठवतं ते आरेचं केंद्र, नाहीतर नाक्यावरची डेअरी. मेलबर्नला नवीन आलेल्याला तर आणखी कोडं पडतं, कारण इथे मिल्क बार म्हणजे ब्रेड, दूध, पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं मिळणारं साधं कोपऱ्यावरचं दुकान. न्यूझीलंडमध्ये अशा दुकानाला चक्क 'डेअरी' म्हणतात. पण मुळात हा बार खरोखरच बार होता. त्याचा इतिहास वाचताना मला दुधापेक्षा काउंटरमागचा माणूसच जास्त दिसायला लागला.

नावाचा मान आधी आपल्याकडे जातो, असं म्हणतात. बंगलोरला एका इंग्रज माणसानं १९३० साली 'लेक व्ह्यू मिल्क बार' काढला. ऑस्ट्रेलियातली गोष्ट मात्र ४ नोव्हेंबर १९३२ ची. सिडनीचा हार्बर ब्रिज त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाला होता, पण मंदी ऐन भरात होती आणि बेकारांच्या रांगा लागत होत्या. अशा वेळी मार्टिन प्लेससारख्या भर वस्तीत 'ब्लॅक अँड व्हाइट' नावाचा मिल्क बार उघडला. मिल्कशेक चार पेनीला, आणि ती किंमत दुकानाच्या नावातच! बसायला जागा जवळजवळ नाहीच. लांबलचक काउंटर, समोर उभं राहायचं, डोळ्यांदेखत घुसळलेला शेक प्यायचा आणि वाटेला लागायचं. गिऱ्हाईक लवकर हलतं, म्हणून भाव कमी ठेवता येतो, असं साधं गणित. पहिल्याच दिवशी ५,००० लोक आले, असं सांगतात. पाच वर्षांत देशभर असे सुमारे ४,००० मिल्क बार झाले होते म्हणे.

हे इतकं चाललं याची कारणंही गमतीची आहेत. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात १९१६ पासून दारूचे पब संध्याकाळी सहालाच बंद व्हायचे. (हा नियम न्यू साउथ वेल्समध्ये १९५५ पर्यंत आणि व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत टिकला.) शिवाय पबच्या मुख्य बारमध्ये बायकांना मज्जाव. मग संध्याकाळी सिनेमा सुटल्यावर घरच्या मंडळींनी जायचं कुठे? मिल्क बारमध्ये! दूध पौष्टिक, त्यामुळे आई-वडिलांनाही तक्रारीला जागा नाही.

आता मालकाकडे वळू. त्याचं नाव मिक अ‍ॅडम्स. अगदी अस्सल ऑसी वाटतं ना? पण हा गृहस्थ ग्रीक, मूळ नाव योआकिम ताव्लारिदिस. अमेरिकेतली सोडा फाउंटनची दुकानं बघून त्याला ही कल्पना सुचली होती.

आणि तो काही एकटा नव्हता. किथिरा, इथाका, कास्तेलोरिझो अशा छोट्या बेटांवरून आलेल्या ग्रीकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आधी मासे आणि कालवांची दुकानं, मग कॅफे आणि पुढे मिल्क बार काढले. ऑस्ट्रेलियातल्या आडगावातसुद्धा एक ग्रीक कॅफे असायचाच. आपल्याकडे कोपऱ्यावर इराणी असायचा, तसाच. फरक एवढाच, की इराण्याकडे निदान त्याचा चहा मिळायचा. ग्रीक कॅफेच्या मेन्यूवर मात्र स्टेक-अंडी आणि मिक्स्ड ग्रिल. ग्रीक पदार्थ शोधून सापडायचा नाही! गिऱ्हाइकाला इंग्रजी जेवण आणि अमेरिकन झगमगाट हवा होता, तो यांनी दिला. स्वतःचं जेवण आणि स्वतःची भाषा दुकानामागच्या खोलीत.

याला भीतीचीही बाजू होती. पहिल्या महायुद्धात ग्रीसचा राजा तटस्थ राहिला, तो राग इथल्या दुकानदारांवर निघाला. १९१६ साली कालगुर्लीत जमावानं ग्रीकांची दुकानं फोडली. राजाचं धोरण ठरवताना या बिचाऱ्यांना कोणी विचारलं होतं? पण काचा यांच्या फुटल्या. ताव्लारिदिसचा अ‍ॅडम्स का होतो, हे समजायला एवढं पुरेसं आहे.

पुढे ही कल्पना इंग्लंडला गेली. ह्यू मॅकिन्टॉश या ऑस्ट्रेलियन माणसानं १९३५ मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर 'ब्लॅक अँड व्हाइट' उघडला. त्याच सुमारास चार्ल्स फोर्टे नावाच्या इटलीत जन्मलेल्या तरुणानं रीजंट स्ट्रीटवर आपला मिल्क बार थाटला. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर ब्रिटिशांनी त्यालाही 'शत्रू देशाचा नागरिक' म्हणून डांबलं. पुढे याच फोर्टेनं हॉटेलांचं साम्राज्य उभं केलं आणि १९८२ मध्ये तो लॉर्ड झाला. म्हणजे परका ते लॉर्ड, मधे एक दुधाचा बार!

युद्धानंतर ज्यूकबॉक्स आला आणि पौष्टिक दुधाची अब्रू गेली. न्यूझीलंडमध्ये लोअर हटच्या एका मिल्क बारमध्ये जमणाऱ्या पोरापोरींवरून एवढा गहजब झाला, की १९५४ मध्ये सरकारनं समिती नेमली आणि तिचा अहवाल घरोघरी पाठवला. 'तरुण पिढी बिघडली' ही ओरड कुठल्याच देशात जुनी होत नाही.

ऑस्ट्रेलियात याच काळात मिल्क बार उपनगरांत शिरला आणि किराणाही ठेवू लागला. पुढे दुकान, मागे घर. मोठी दुकानं शनिवारी दुपारी बंद होत, घरगुती दुकानांना मात्र सवलत होती, आणि तीच त्यांची कमाई. १९७७ मध्ये मेलबर्नच्या ओकलीत पहिलं सेव्हन-इलेव्हन आलं. १९९६ मध्ये व्हिक्टोरियानं दुकानांच्या वेळांवरचे निर्बंध जवळजवळ काढूनच टाकले. सुपरमार्केट रविवारी आणि रात्रीही उघडं राहायला लागल्यावर कोपऱ्यावर कोण जाणार? एकेका दुकानाचं शटर पडत गेलं. उरलेली अनेक दुकानं व्हिएतनामी, चिनी आणि भारतीय कुटुंबांच्या हाती आली.

पण मला वाटतं, हे सगळं अपयश नव्हे. आठवड्याचे सातही दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत आई-बाप काउंटरमागे उभे राहिले, ते मुलांनी तिथे उभं राहू नये म्हणून. मुलं डॉक्टर, वकील झाली. दुकान घ्यायला घरातलं कोणी उरलं नाही, कारण दुकानाचं काम झालं होतं.

आपण बहुतेक जण हातात डिग्री घेऊन आलो. गोऱ्यांपुरतं इमिग्रेशन ठेवण्याचं इथलं धोरण १९७३ मध्ये पूर्णपणे संपलं, त्यानंतरच आपल्याला दार नीट उघडलं. तेव्हा मिक्स्ड ग्रिल विकायची वेळ आपल्यावर आली नाही. तरीही ऑफिसात सुहासचा 'सॅम' होतोच, आणि डब्यातल्या बोंबलाचा वास येईल म्हणून आपण सँडविच नेतोच. ताव्लारिदिसपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. आपल्यापुढे आहे. मग दुकानामागच्या खोलीतलं काय काय आपण पुढे मांडतो, हे आता आपल्यावर आहे.