लंडनची वाघनखे आणि आपल्या किल्ल्यातला ठसा

मी सातवी इयत्ता शिकलेली बाई. इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण स्मरणिकेसाठी काही तरी द्याच असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, आणि मनात एक गोष्ट सलत होतीच.

माझी भाची लंडनास असते. काही वर्षांपूर्वी ती तेथले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय पाहून आली व फोनवर वाघनखांचे वर्णन करू लागली. साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडची ती वाघनखे, त्याच्या घराण्याकडून संग्रहालयात गेली. शिवाजी महाराजांची ती हीच, असे मात्र संग्रहालयवाले छातीठोकपणे सांगत नाहीत. (जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, प्रथम साताऱ्यास आणली, हे आपण वाचले असेलच.)

बोलता बोलता ती म्हणाली, "गो मावशे, आपल्या किल्ल्यातलो म्हाराजांच्या हाताचो ठसो तू बघलंस?"

मी गप्प. लग्न होऊन तारकर्लीत आले त्याला पंचवीस वर्षे झाली. किनाऱ्यावर उभे राहिले की उत्तरेला सिंधुदुर्गाचा तट दिसतो. आत गेले ते एकदाच. शिवराजेश्वरापुढे नारळ ठेवला आणि मुले रडू लागली म्हणून तशीच परतले.

मग गेल्या माघात आपल्यातल्याच सातआठ जणी मिळून मालवणच्या धक्क्यावरून होडीने गेलो. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कोठे आहे तेच कळत नाही. शत्रूची काय गत होत असेल! कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामास आरंभ झाला व तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायात शिसे ओतले आहे म्हणतात. तट चढल्यावर दोन लहान घुमट्या लागतात. एकीत हाताचा ठसा, दुसरीत पायाचा. दोन्ही चुन्यात उमटलेले, आणि ते महाराजांचेच अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. तेथे बराच वेळ कोणी बोलेना.

मला स्वतःला खरे नवल वाटले ते विहिरींचे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड पाणी! आमच्या विहिरीला चैत्रात मचूळ पाणी येते, तेव्हा मी तर दूधबावेपाशी खिळूनच राहिले.

१७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले होते. त्या काळी कोल्हापूरचा कारभार राणी जिजाबाई पाहत होत्या. पुढे पैसे भरून किल्ला परत मिळाला. इंग्रजी नाव आज कोणाच्या ओठीही नाही.

रात्री भाचीला फोन केला. "बघून इलंय गो," म्हटले.

तर ती विचारते, "आणि मोरयाच्या धोंड्यार गेलंस?"

किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा जेथे झाली तो खडक. मालवणच्या किनाऱ्यावरच आहे, होडीसुद्धा लागत नाही. तो राहिलाच होता.