चाचणीच्या साधनांची चाचणी : प्रस्तावना

प्रोग्रॅममधली एखादी ओळ चालली की नाही, आणि चालली असेल तर किती वेळा, एवढेच सांगण्याचे काम कव्हरेज मोजणाऱ्या साधनाकडे असते. त्यात मत नसते, अंदाज नसतो. नुसती मोजणी असते. म्हणूनच २०१९ साली माँट्रियलला आयसीएसई या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या परिषदेत नानजिंग विद्यापीठातले यिब्याव यांग आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलेले काम वाचून पुष्कळजण चमकले. त्यांनी जीसीसी या कंपायलरबरोबर येणारे जीकॉव्ह आणि एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलरबरोबर येणारे एलएलव्हीएम-कॉव्ह ही दोन साधने समोरासमोर ठेवली. प्रोग्रॅम तोच, इनपुट तेच, तेव्हा दोघांच्या नोंदी जुळायला हव्या होत्या. त्या जुळल्या नाहीत, आणि शोध घेता घेता दोन्ही साधनांतले बग डझनावारी निघाले. कुठे न चाललेल्या ओळीवर चालल्याची खूण होती, कुठे चाललेल्या ओळीवर न चालल्याची, तर कुठे एकदाच चाललेल्या ओळीपुढे भलताच आकडा होता. जगभरचे प्रोग्रॅमर वर्षानुवर्षे ज्यांच्या आकड्यांवर विसंबून ‘एवढ्या टेस्ट पुरे’ म्हणत होते, तीच ही साधने.

मोजणीसारखे साधे काम चुकते कसे, हे पाहिले की या विषयाची खोली कळू लागते. जीकॉव्हची पद्धत प्रत्येक ओळीला एकेक काउंटर लावण्याची नाही. कंपायलर आधी प्रोग्रॅमच्या वाटांचा नकाशा तयार करतो आणि त्यातल्या निवडक वाटांवरच काउंटर बसवतो. उरलेल्या वाटांचे आकडे ‘एका जागी जितक्यांदा आलो तितक्यांदा तिथून बाहेर पडलो’ या हिशेबाने काढले जातात. शेवटी हे सगळे आकडे मूळ कोडच्या ओळींवर परत बसवावे लागतात. दरम्यान कंपायलरने त्या ओळी मोडलेल्या, जोडलेल्या आणि हलवलेल्या असतात. परतीच्या या वाटेवर चुकायला पुष्कळ जागा आहेत. म्हणजे ज्याला आपण मोजपट्टी समजतो, तो स्वतःच एक गुंतागुंतीचा प्रोग्रॅम असतो. तो माणसांनीच लिहिलेला असतो आणि बहुतेक वेळा त्याच्यासाठी लिहिलेल्या टेस्ट त्याच्या जबाबदारीच्या मानाने फार थोड्या असतात.

या पुस्तकाचा विषय हाच आहे. कव्हरेज मोजणारी साधने, कोड न चालवता त्यातले दोष शोधणारे स्टॅटिक ॲनालायझर, वेडेवाकडे इनपुट मारणारे फझर, मेमरीतल्या चुका पकडणारे सॅनिटायझर, डीबगर आणि यांतल्या काहींच्या पोटात काम करणारे सॉल्व्हर विश्वासार्ह आहेत का, आणि ते कसे ठरवायचे? मराठी वाचकासमोर हा प्रश्न सविस्तर मांडावा असे मला मनापासून वाटत होते. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर इथली कितीतरी मुले-मुली टेस्टिंगच्या कामात आहेत. ती या साधनांचा निकाल रोज पाहतात, पण त्या निकालाला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे असे त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

चाचणीचे साधन दोन तऱ्हांनी चुकते. एकतर ते नसलेल्या दोषाची ओरड करते, नाहीतर असलेल्या दोषापुढे गप्प राहते. पहिली चूक त्रासदायक असते, पण ती लपत नाही. कुणीतरी वैतागून तक्रार करतो आणि ती दुरुस्त होते. दुसऱ्या चुकीची तक्रार येत नाही, कारण ती घडली हेच कुणाला कळत नाही. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोलाची बुद्धी दुसऱ्या चुकीच्या शोधात खर्च व्हायला हवी. पहिल्या चुकीचाही एक परिणाम मात्र विसरू नये. कोड बदललेला नसताना कधी पास, कधी फेल होणाऱ्या फ्लेकी टेस्टबद्दल गूगलने २०१६ मध्ये आपले आकडे जाहीर केले होते. सुमारे १.५ टक्के टेस्ट-रनचा निकाल असा बेभरवशाचा होता आणि जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा होता. अशा वातावरणात माणूस लाल खूण दिसली की कारण न शोधता रीरनचे बटण दाबायला शिकतो. मग खरा इशाराही त्याच बटणाखाली जातो.

आता मूळ अडचणीकडे येऊ. साधन चुकले हे ठरवायला बरोबर उत्तर माहीत असावे लागते. ते सांगणाऱ्या आधाराला टेस्टिंगमध्ये ओरॅकल म्हणतात. कित्येक प्रोग्रॅमना असा ओरॅकल नसतोच, हे एलेन वेयुकर यांनी १९८२ मध्ये स्पष्ट मांडले होते. बरोबर उत्तर आधीच ठाऊक असते तर तो प्रोग्रॅम लिहिलाच कशाला असता? आणि साधनांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते, कारण एरवी ज्याला ओरॅकल मानायचे तेच आता तपासायचे असते.

यातून निघालेल्या वाटा मला फार सुंदर वाटतात. १९९८ मध्ये विल्यम मॅकीमन यांनी डिफरन्शियल टेस्टिंगची कल्पना मांडली. एकच काम करणारी दोन-चार साधने घ्यायची, त्यांना तेच इनपुट द्यायचे आणि मतभेद शोधायचे. बरोबर कोण हे माहीत नसले तरी मतभेद झाला म्हणजे कुणीतरी चुकले आहे एवढे नक्की. त्याच वर्षी टी. वाय. चेन यांनी मेटामॉर्फिक टेस्टिंग मांडले. एका उत्तराची सत्यता ठरवता येत नसेल तर दोन उत्तरांमधले नाते तपासायचे. यूटा विद्यापीठातल्या जॉन रेगर यांच्या गटाने २०११ मध्ये सीस्मिथ हे साधन पुढे आणले. ते आपणहून सी भाषेतले प्रोग्रॅम रचते. हे प्रोग्रॅम यदृच्छेने रचलेले असूनही त्यांचा अर्थ भाषेच्या नियमांनुसार एकच निघेल याची काळजी ते घेते, आणि खरी कारागिरी याच काळजीत आहे. प्रोग्रॅमचा अर्थच संदिग्ध असेल तर दोन कंपायलरांचा मतभेद काहीच सिद्ध करत नाही. या कामातून निरनिराळ्या कंपायलरांमधले ३२५ हून अधिक बग कळवले गेले. पुढच्याच वर्षी सीस्मिथचे प्रोग्रॅम वापरून फ्रामा-सी या स्टॅटिक ॲनालायझरची तपासणी झाली आणि त्यातलेही दोष सापडले.

२०१४ मध्ये व्हू ले, मेहरदाद अफशारी आणि झेंडाँग सू यांनी मेटामॉर्फिक टेस्टिंगची कल्पना कंपायलरांसाठी वापरली. एक प्रोग्रॅम घ्यायचा, तो एका ठरावीक इनपुटवर चालवायचा आणि कोणत्या ओळी चालल्याच नाहीत ते नोंदवायचे. मग त्या न चाललेल्या ओळींपैकी काही काढून टाकायच्या. त्या इनपुटपुरता प्रोग्रॅमचा अर्थ बदललेला नसतो, म्हणून उत्तरही तेच यायला हवे. कंपायलरला मात्र हा वेगळाच प्रोग्रॅम दिसतो, त्याचे ऑप्टिमायझेशनचे निर्णय बदलतात आणि दडलेला दोष उघडा पडतो. या एका युक्तीने सापडलेले जीसीसी आणि एलएलव्हीएममधले १४७ बग खरे ठरले. वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोणत्या ओळी चालल्या हे ठरवायला इथे कव्हरेजचेच साधन लागते, आणि त्याच साधनांत बग होते हे आपण वर पाहिले. या क्षेत्रात साधने अशी एकमेकांवर टेकलेली असतात. एक डळमळले तर दुसऱ्याचाही निष्कर्ष तपासावा लागतो.

मतभेद शोधण्याच्या पद्धतीला मर्यादा आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. सगळी साधने एकमताने चुकली तर? १९८६ मध्ये जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी याच शंकेचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच मागणीपत्रकावरून व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया इथल्या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता २७ प्रोग्रॅम लिहिले. त्या प्रत्येकावर दहा लाख टेस्ट चालवल्या. स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या चुकाही स्वतंत्र असतील, तर एकाच टेस्टवर अनेकांनी मिळून चुकण्याचे प्रसंग अगदी विरळा असायला हवेत. प्रत्यक्षात ते अपेक्षेपेक्षा खूपच जास्त निघाले. परीक्षेत लांब लांब बसलेल्या, एकमेकांचा पेपर न पाहिलेल्या मुलांचे तेच अवघड गणित चुकावे तसे हे झाले, कारण अवघड जागा सगळ्यांनाच अवघड असते. मला हा प्रयोग या क्षेत्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात सक्तीचा असावा असे वाटते. २०१८ मध्ये याचा दुसरा पैलू दिसला. अँड्रॉइड ॲपमधून खासगी माहिती कुठे गळते ते शोधणाऱ्या फ्लोड्रॉइड या साधनाची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा आधी कुठेही नोंद नसलेले १३ दोष सापडले. ते तेराही दोष फ्लोड्रॉइडच्या रचनेवर किंवा कोडवर उभ्या असलेल्या इतर साधनांतही उतरलेले होते. अशा दोन साधनांचे एकमत हा दुसरा साक्षीदार मानता येत नाही.

फ्लोड्रॉइडची ती तपासणी म्युटेशनच्या पद्धतीने झाली होती. रिचर्ड लिप्टन यांनी विद्यार्थी असताना १९७१ मध्ये सुचवलेली आणि डेमिलो, लिप्टन, सेवर्ड या तिघांनी १९७८ मध्ये मांडलेली ही कल्पना आहे. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम छोटी चूक घालायची, उदाहरणार्थ अधिकच्या जागी उणे, आणि टेस्ट ती पकडतात का ते पाहायचे. पकडली नाही तर उणीव टेस्टमध्ये आहे. पण घातलेली चूक खऱ्या चुकांसारखी असते का, हा प्रश्न सतत डोक्यात ठेवावा लागतो. फझरांच्या बाबतीत या प्रश्नाची हेळसांड बरीच झाली. २०१८ मध्ये जॉर्ज क्लीस, मायकेल हिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फझिंगवरचे ३२ शोधनिबंध तपासले, तर प्रत्येकाच्या मूल्यमापनात काही ना काही खोट निघाली. फझरचे निकाल नशिबावरही अवलंबून असतात, म्हणून तो पुन्हा पुन्हा चालवून संख्याशास्त्रीय तुलना करावी लागते. तेवढेही अनेकांनी केलेले नव्हते. संशोधकांनी आपल्याच क्षेत्राची इतक्या सरळपणे झाडाझडती घ्यावी, याचा मला आदर वाटतो.

इथवरच्या सगळ्या पद्धती साधनाला बाहेरून ठोकून पाहतात. माझा कल वेगळ्या वाटेकडे आहे, आणि या पुस्तकाचा मोठा भाग तिला दिला आहे. साधनाने निकालासोबत पुरावा द्यावा आणि तो पुरावा दुसऱ्या, छोट्या, समजायला सोप्या प्रोग्रॅमने तपासावा. २०१६ मध्ये मारिन ह्यूले, ऑलिव्हर कुलमन आणि व्हिक्टर मारेक यांनी पायथागोरसच्या त्रिकुटांचा एक जुना प्रश्न सॅट सॉल्व्हरने, म्हणजे तर्कसूत्र खरे होऊ शकते का हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमने, सोडवला. १ ते ७८२४ या संख्या दोन रंगांत अशा रंगवता येतात की कोणतेही त्रिकूट एकाच रंगाचे होत नाही, पण ७८२५ पर्यंत गेल्यावर ते अशक्य होते. ‘अशक्य’ हा शब्द सॉल्व्हरच्या तोंडून आला म्हणून मान्य झाला नाही. त्याने सुमारे २०० टेराबाइटचा पुरावा दिला आणि तो यंत्राने तपासला गेला. सॉल्व्हर कितीही गुंतागुंतीचा असो, विश्वास ठेवायचा तो तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर.

प्रोग्रॅम पडताळणाऱ्या साधनांची डर्क बायर यांनी सुरू केलेली एसव्ही-कॉम्प ही स्पर्धा २०१२ पासून भरते. तिची गुणपद्धती मला फार अर्थपूर्ण वाटते. सदोष प्रोग्रॅममधला दोष बरोबर दाखवला तर १ गुण मिळतो आणि निर्दोष प्रोग्रॅम बरोबर ओळखला तर २. निर्दोष प्रोग्रॅमला सदोष म्हटले तर १६ गुण कापले जातात. सदोष प्रोग्रॅमला निर्दोष म्हटले तर मात्र ३२ जातात. गप्प राहून दिलेला धोका किती महाग असावा, हे या आकड्यात नेमके उतरले आहे. शिवाय साधनाला निकालासोबत साक्ष द्यावी लागते, आणि दुसऱ्या साधनाने ती पडताळल्यावरच पूर्ण गुण मिळतात. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रातून आलेल्या व्हेरीॲब्ज या साधनाने या स्पर्धेच्या रीचसेफ्टी गटात पहिला क्रमांक मिळवला आहे. हे काम आपल्या गावात झाले आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावे.

विमान आणि मोटारींच्या उद्योगांनी याच प्रश्नाला नियमांचे रूप दिले. विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी २०११ मध्ये आलेले डीओ-३३० आणि मोटारींसाठीचे आयएसओ २६२६२ साधनाचा कस विचारतात. साधन चुकले तर घात होऊ शकतो का, आणि ती चूक पुढच्या कोणत्या टप्प्यावर पकडली जाईल? हे दोन प्रश्न चांगलेच आहेत. पण मानकाची कागदपत्रे पूर्ण झाली म्हणजे साधन विश्वासार्ह झाले असे मानण्याची सवय वाढते आहे, आणि ती मला धोक्याची वाटते. साधनाची आवृत्ती बदलली, कंपायलरचा एखादा पर्याय बदलला, की जुन्या कागदांचा आधार तुटतो.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. सी भाषा आणि थोडे तर्कशास्त्र येत असेल तर कुठूनही सुरुवात करता येईल. या अभ्यासाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जीसीसी, एलएलव्हीएम, सीस्मिथ, फ्रामा-सी ही सगळी साधने खुली आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या चालू प्रोजेक्टमधली एक अट मुद्दाम उलटी करा आणि टेस्ट लाल होतात का ते पाहा. साधनाने चुकीचा निकाल दिला असे दिसले तर तो प्रसंग तसाच सोडून देऊ नका. ज्या कोडवर ते चुकले तो कापत कापत दहा-पंधरा ओळींवर आणा. यासाठी सी-रिड्यूससारखी साधने आहेत आणि त्यांच्यावर एक पूर्ण प्रकरण इथे आहे. मग साधनाची आवृत्ती, वापरलेले पर्याय, अपेक्षित निकाल आणि मिळालेला निकाल असे चारही तपशील लिहून तो साधनाच्या कर्त्यांकडे पाठवा.

या पुस्तकात वर्णिलेल्या बगपैकी कितीतरी अशाच नोंदींमुळे दुरुस्त झाले आहेत.